लावणीनंतरचा ताप आणि उचलेनासे झालेले पाय : मज्जारज्जूच्या एका दुर्मिळ संसर्गाचा प्रकरण अभ्यास

रुग्णाचं वय ५२. सिंधुदुर्गातला भातशेतकरी, घराभोवती थोडी काजूची कलमं. आठ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या घेतल्या जात, पण सलग नाही. दारू नाही, तंबाखू पानातून. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी आटोपली आणि आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला. कोकणात त्या दिवसांत असा ताप आला की पहिलं नाव निघतं ते लेप्टोचं, आणि ते बरोबरच आहे. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस धरून वेळेत डॉक्सिसायक्लिन दिल्यानं इथे अनेकांचे जीव वाचले आहेत. यालाही डॉक्सिसायक्लिन आणि पाच दिवस सेफ्ट्रिआक्सोनची इंजेक्शनं मिळाली. ताप उतरला, पण पूर्ण गेला नाही. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घाम यायचा.

बाराव्या दिवशी दोन खांद्यांच्या मधोमध पाठ दुखू लागली. दोन दिवसांनी उजवा पाय जड झाला, चप्पल पायातून सुटून पडली तरी कळेना. तिसऱ्या दिवशी डावा पायही साथ देईना आणि लघवी अडकली. मग गाडी करून मोठ्या रुग्णालयात आणलं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हा रुग्ण म्हणजे एकच माणूस नाही. मेलिऑयडोसिस हा मातीतल्या जंतूचा संसर्ग मज्जारज्जूपर्यंत पोचतो तेव्हा जे घडतं, जिथे वाट चुकते आणि जिथे ती सापडते, ते एकत्र करून हे प्रकरण शिकण्यासाठी बांधलं आहे. आजाराचं नाव इथेच सांगून टाकतो. शेवटपर्यंत ते झाकून ठेवण्यात मला रस नाही. मला सांगायचं आहे ते वेगळं : कोकणात हे निदान एमआरआयच्या खोलीत होत नाही. ते होतं खाटेशेजारी विचारलेल्या एका प्रश्नातून आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या, फेकून न दिलेल्या एका प्लेटमधून.

तपासणीत काय दिसलं

ताप १०१, नाडी ११०, रक्तदाब ठीक. शुद्ध पूर्ण, बोलणं स्पष्ट, हात भक्कम. उजव्या पायाची ताकद पाचपैकी दोन, डाव्याची तीन. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक जिथे संपतं तिथून खाली टोचणी बोथट. गुडघ्याचे झटके वाढलेले, तळपाय खरवडला की दोन्ही अंगठे वर जात. लघवीची नळी घातल्यावर ९०० मिलिलीटर लघवी निघाली.

इतक्यावरून जागा ठरते. हात चांगले, पाय कमजोर, संवेदनेची रेघ छातीवर, झटके वाढलेले. म्हणजे बिघाड नसांत नाही, कमरेत नाही. तो छातीच्या मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूत आहे. ही रेघ सुईनं नीट शोधणं फार गरजेचं आहे. पाय गेले म्हणून कमरेचा एमआरआय करून आणलेले रुग्ण येतात, अहवाल 'किरकोळ झीज' असा असतो आणि खरा आजार फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेला असतो.

जागेनंतर वेळ. पाय काही मिनिटांत गेले तर रक्तवाहिनीचा विचार करावा. महिनोन्महिने हळूहळू गेले तर गाठ, मणक्याचा क्षय, ब-१२ची कमतरता. ही शेवटची गोष्ट मधुमेह्यांत विसरायची नाही, कारण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी होतं. काही तास ते तीन आठवडे हा पट्टा जळजळीचा आणि संसर्गाचा. आपला रुग्ण तीन दिवसांत पांगळा झाला, तेही तापाच्या अंगानं.

एमआरआयमध्ये छातीच्या दुसऱ्या मणक्यापासून आठव्यापर्यंत मज्जारज्जू सुजलेला, आतून पांढरट चमकणारा. चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, रज्जूच्या गाभ्यातच, कडेनं रंग घेणारी एक छोटी लांबट पोकळी. मणक्यांची हाडं स्वच्छ, चकत्या स्वच्छ, शेजारी गळू नाही.

पाठीतलं पाणी काढलं. पेशी १८०, त्यातल्या तीन चतुर्थांश लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रथिनं १९०. साखर ८२. ही ८२ पाहून 'साखर नॉर्मल' असं टिपणात लिहिलं गेलं. त्याच वेळी घेतलेली रक्तातली साखर २३६ होती. पाठीच्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असायला हवी, इथे ती जेमतेम एक तृतीयांश. मधुमेही रुग्णात हा भागाकार केल्याशिवाय तो आकडा वाचूच नये. ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ११.४ टक्के, म्हणजे साखर महिनोन्महिने मोकाट.

सगळ्यांच्या तोंडी आलेलं नाव

लिंफोसाइट, वाढलेली प्रथिनं, घटलेली साखर, रेंगाळलेला ताप, मधुमेह. आपल्या देशात हे पाच शब्द एका ओळीत आले की सहावा शब्द आपोआप येतो : टीबी. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह आलं, पण पाठीच्या पाण्यात ते निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. एडीए (टीबीत वाढणारं एक विकर) किंचित वाढलेलं, त्यावरून काहीच ठरत नाही. क्षयाची औषधं आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असा बेत ठरला. दुसऱ्या बाजूनं न्यूरॉलॉजीचं मत आलं की तीनपेक्षा जास्त मणक्यांइतका लांब पट्टा सुजला आहे, तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिका (प्रतिकारशक्तीच रज्जूवर आणि डोळ्याच्या नसेवर उलटते तो आजार) असू शकतो. अ‍ॅक्वापोरिन आणि मॉग अँटिबॉडी पाठवा आणि मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मोठी मात्रा सुरू करा.

दोन्ही मतं अभ्यासू माणसांची होती, पुस्तकाला धरून होती. अडचण एवढीच की दोन्ही वाटा स्टेरॉइडमधून जातात. रज्जूत न ओळखलेला पू असेल आणि वर स्टेरॉइड पडलं, तर दोन दिवस रुग्णाला बरं वाटतं. ताप उतरतो, पाठ हलकी होते, घरचे सुखावतात. त्या दोन दिवसांत जंतूला रान मोकळं मिळतं. अशा वेळी स्टेरॉइड अजिबात देऊ नये असं मी म्हणत नाही. कधी ते ताबडतोब लागतं आणि अँटिबॉडीच्या अहवालासाठी थांबणं घातक ठरतं. पण स्टेरॉइडच्या आधी रक्ताच्या कल्चरच्या (जंतू उगवतो का ते पाहण्याच्या) दोन बाटल्या, लघवीचं कल्चर आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं तासाभरात होतं. ते आधी व्हावं.

फिजिशियनला तीन गोष्टी खटकत होत्या. मणक्याचा क्षय सहसा चकती आणि हाड पोखरून आत येतो, इथे हाड कोरं. रज्जूच्या गाभ्यातला क्षय असतो, पण तो तीन दिवसांत माणूस पाडेल हे कमी संभवतं. आणि ताप लावणीच्या पाठोपाठ आलेला. त्यांनी निवासी डॉक्टरला परत खाटेशी पाठवलं. पुन्हा विचार, या वेळी आजाराचं नको, कामाचं विचार.

"काकी, ताप येण्याआधी काका काय करत होते?"

"लावणी. दुसरा काय? टाचेक भेगो होत्यो, तशेच चिखलात उतरले. सांगान आयकतत खय, डॉक्टरांनू?"

डाव्या टाचेच्या भेगेजवळ खरंच एक बुजत आलेली, काळपट खपली होती. भरतीच्या टिपणात 'त्वचा : नॉर्मल' असं होतं. खपलीतून काही निघालं नाही, पण विचाराची दिशा बदलली.

कोकणात यादी वेगळी असते

रज्जूच्या दुर्मिळ संसर्गांची यादी पुस्तकात लांबलचक असते. ती पाठ करण्यापेक्षा रुग्णाच्या गावावरून आणि हातातल्या कामावरून गाळून घ्यावी.

शेळ्या-गुरांत वावरणारा, कच्चं दूध पिणारा, सांधे आणि कंबर धरलेला रुग्ण असेल तर ब्रुसेला. त्याची अ‍ॅग्लुटिनेशन चाचणी मागताना रक्तद्रव पुरेसा विरळ करून पाहायला सांगावं, कारण अँटिबॉडी फार जास्त असल्या की दाट रक्तद्रवात चाचणी फसवी निगेटिव्ह येते. गवतात, झाडोऱ्यात फिरणारा असेल तर अंगभर, काखा-जांघांसकट, चिगर या बारीक किड्याच्या चाव्याचा काळा डाग शोधावा. त्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस मज्जारज्जूला क्वचित धरतो, पण धरला तर साध्या डॉक्सिसायक्लिननं सुटतो, म्हणून चुकवू नये. आपल्या रुग्णाला डॉक्सिसायक्लिन मिळूनही आजार पुढे सरकला, हा धागा त्याच्या विरुद्ध जाणारा. छातीवर पट्ट्यात फोड येऊन गेले असतील तर नागीण. कुत्रा चावल्याचं विचारायलाच हवं, कारण रेबीजचा एक प्रकार पाण्याची भीती न दाखवता पायांपासून वर चढत जातो. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी) प्रत्येकाचं, न लाजता. डुकराच्या फीतकृमीच्या गाठी मेंदूत नेहमी दिसतात, रज्जूत विरळा.

आणि एक खास रत्नागिरीचं. शिस्टोसोमा हा रक्तातला चपटा कृमी भारतात नाही असंच बरीच वर्षं मानलं जाई. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण शोधून त्याचं ठाणं दाखवून दिलं, आणि पुढे गोड्या पाण्यातली एक इवलीशी गोगलगाय त्याची वाहक म्हणून पुढे आली. ते ठाणं आता इतिहासजमा आहे. पण जगभरात हा कृमी मज्जारज्जूचं खालचं टोक धरतो, आणि आफ्रिकेत कामाला जाऊन आलेले कोकणी लोक गावोगाव आहेत. तेव्हा रज्जूचं शेपूट सुजलेलं, लघवीत रक्त, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असं चित्र असेल तर परदेशात तळ्या-नदीत पोहण्याबद्दल विचारावं. गिमवीचा शोध लागला तो कुणीतरी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चिकाटीनं पाहिली म्हणून. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

आपल्या रुग्णात यातलं काही बसत नव्हतं. उरला होता चिखल, भेगाळलेली टाच आणि मोकाट साखर.

मातीतला जंतू

बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा जंतू ओल्या मातीत राहतो. कोरड्या दिवसांत खाली दडतो, पावसानं जमिनीतलं पाणी वर आलं की तोही वर येतो. भातखाचरं त्याला मानवतात. भेगेतून, खरचटण्यातून, वादळी पावसात श्वासातून तो शरीरात शिरतो. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनच्या शवागारात १९११ च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला. भारतात माणसातली पहिली नोंद १९९१ मध्ये मुंबईतून झाली, एका मुलाची. त्यानंतर उडुपी, मणिपाल, मंगळूर या पट्ट्यातून रुग्ण सतत नोंदले जात आहेत. तोच पश्चिम किनारा, तोच जांभा, तोच पाऊस, तीच भातशेती. कारवार ओलांडल्यावर जंतू सीमेपाशी थांबतो असं मानायला काही कारण नाही. उडुपीत तो सापडतो याचं मोठं कारण तिथल्या प्रयोगशाळा त्याला शोधतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि ८९ हजार दगावतात, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा.

मधुमेह हा त्याचा सर्वांत मोठा साथीदार. बहुतेकांत तो न्यूमोनिया किंवा रक्तातला संसर्ग करतो. यकृत, प्लीहा, पुरुषांत प्रोस्टेट, मुलांत कानाखालची लाळग्रंथी अशा ठिकाणी गळवं करतो. मेंदू-मज्जारज्जू विरळा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या वीस वर्षांच्या, ५४० रुग्णांच्या मालिकेत मज्जासंस्थेचा आजार १४ जणांना होता. मेंदूच्या देठाला किंवा रज्जूला तो धरतो तेव्हा पाठीच्या पाण्यात बहुधा लिंफोसाइट दिसतात, प्रथिनं वाढतात, साखर थोडीच घटते आणि त्या पाण्यात जंतू अनेकदा उगवतच नाही. टीबीची हुबेहूब छाया. एमआरआयमध्ये तो पांढऱ्या तंतूंच्या वाटेनं बोगदा काढल्यासारखा लांब सरकलेला दिसू शकतो, आणि आपल्या रुग्णातली ती लांबट पोकळी त्या वर्णनाजवळ जाणारी होती. पण फोटोवरून नाव घालता येत नाही.

म्हणून शोध रज्जूपासून दूर न्यावा लागतो. रज्जूतून नमुना काढणं म्हणजे उरलेली ताकद पणाला लावणं. जंतू दुसरीकडे कुठे सोप्या जागी बसला आहे का, हे आधी पाहायचं. पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहेत तीन छोटी गळवं निघाली. आणि प्रोस्टेटमध्ये अडीच सेंटिमीटरचं एक.

प्रोस्टेटच्या या गळवानं सगळ्यांनाच थबकायला लावलं. लघवी अडकली ती रज्जूमुळे असं धरून सारे पुढे गेले होते. कारण समोर होतं, पटणारं होतं, म्हणून दुसरं शोधलं गेलं नाही. त्या गळवानं कदाचित आधीपासूनच लघवीचा त्रास होत असेल. विचारल्यावर रुग्णानं सांगितलं, पाय जाण्याआधी चार-पाच दिवस लघवीला जोर करावा लागत होता आणि बसताना खाली दुखत होतं. लाजेनं बोलला नव्हता. पुरुष रुग्ण अशा गोष्टी आपणहून सांगत नाहीत, आणि बायको शेजारी उभी असताना तर नाहीच. एकट्यात विचारावं.

फेकली जाणारी प्लेट

रक्ताच्या कल्चरची बाटली ४० तासांनी वाजली, म्हणजे यंत्रानं जंतू वाढल्याची खूण दिली. ग्रॅम निगेटिव्ह दांडके. रात्रपाळीचा अहवाल आला, 'स्यूडोमोनास जातीचा जंतू, दूषित नमुना असण्याची शक्यता'. अशा शेऱ्यावर बहुतेक ठिकाणी विषय संपतो. रुग्णाला टीबीची औषधं चालू होतात, प्लेट निर्जंतुक करायच्या यंत्रात, ऑटोक्लेव्हमध्ये जाते.

इथे फिजिशियननं प्रयोगशाळेत फोन करून चार वाक्यं सांगितली : मधुमेही भातशेतकरी, पावसातला ताप, प्लीहेत आणि प्रोस्टेटमध्ये गळवं, रज्जूत पोकळी. मागणीच्या कागदावर 'ताप, कल्चर' एवढंच लिहिलेलं होतं. त्या चार वाक्यांनी प्लेट वाचली. प्रयोगशाळेला रुग्ण दिसत नाही. तिला दिसतो फक्त कागद. कागदावर काही नसेल तर तिथल्या माणसानं स्यूडोमोनासवर थांबलं याचा दोष त्याला देता येत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांनी जे केलं त्याला महागडं यंत्र लागत नाही. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह. मग एका प्लेटवर अँटिबायोटिकच्या तीन चकत्या : जेंटामायसिनभोवती काहीच नाही, कोलिस्टिनभोवती काहीच नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथे जंतू वाढला नाही. खरा स्यूडोमोनास एरुजिनोसा याच्या नेमका उलटा वागतो, कोलिस्टिनला मान टाकतो आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला जुमानत नाही. ग्रॅम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, आणि कोलिस्टिनला न बधता ऑगमेंटिनला (म्हणजेच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला) बधणारा जंतू किनारपट्टीवरच्या तापाच्या रुग्णात सापडला, तर दुसरं सिद्ध होईपर्यंत तो मेलिऑयडोसिसच समजावा. जिल्ह्याच्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे होऊ शकतं. जेंटामायसिनला बधणारे काही प्रकार जगात सापडले आहेत, म्हणून त्या एका चकतीवर विसंबू नये.

स्वयंचलित यंत्रानं नाव दिलं बर्खोल्डेरिया सेपेशिया, म्हणजे याच कुळातला दुसरा जंतू. यंत्र या दोघांत गफलत करतं हे माहीत असलेला जंतू आहे हा, म्हणून त्या उत्तरावर कुणी थांबलं नाही. प्लेट तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तेव्हा वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दांडक्याची दोन टोकं गडद, मधला भाग फिका, सेफ्टी पिनसारखा. लघवीतून आणि प्रोस्टेटच्या पुवातूनही तोच निघाला. पाठीच्या पाण्यातून काही उगवलं नाही. संदर्भ प्रयोगशाळेत लॅटेक्स आणि पीसीआरनं नाव पक्कं झालं.

एक गोष्ट ठासून सांगतो. प्लेटचं झाकण उघडून वास घ्यायची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. या जंतूला मातकट वास येतो हे खरं, पण तो श्वासातून लागतो. संशय आला की काम सुरक्षा कपाटात हलवायचं, वास घ्यायचा नाही, आणि आधी उघड्यावर हाताळणाऱ्या तंत्रज्ञांची नावं लिहून कुणाला प्रतिबंधक औषध लागेल ते ठरवायचं. त्यांचाही जीव आहे.

आणि कल्चर निगेटिव्ह आलं तर? एका अभ्यासात कल्चरची पकड साधारण ६० टक्के निघाली. म्हणून रक्त, लघवी, घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब, कुठलाही पू, सगळं पाठवायचं आणि परत पाठवायचं. रक्तातल्या अँटिबॉडीवर आपल्याकडे भरवसा ठेवता येत नाही. आयुष्यभर चिखलात राबलेल्या माणसात त्या आजाराविनाही सापडतात.

उपचार आणि धीर

टीबीची औषधं थांबली. स्टेरॉइड दिलं गेलंच नव्हतं. मेरोपेनेम २ ग्रॅम दर आठ तासांनी, सोबत को-ट्रायमोक्साझोल. इतर अवयवांसाठी सेफ्टाझिडिम चालतं, पण मज्जासंस्थेत मेरोपेनेमच्या मोठ्या मात्रेला पसंती आहे. आधी मिळालेलं सेफ्ट्रिआक्सोन या जंतूला तोकडं पडतं आणि डॉक्सिसायक्लिन अर्धवट दाबतं, त्यामुळे ताप उतरल्यासारखा झाला पण गेला नाही, हे आता जुळलं. प्रोस्टेटचं गळू सोनोग्राफीच्या मदतीनं रिकामं केलं. प्लीहेतली छोटी गळवं औषधांवर सोडली. रज्जूतल्या पोकळीला न्यूरोसर्जननं हात लावला नाही. ताकद आणखी घसरली तरच, असं ठरलं. इन्सुलिन सुरू झालं.

सहाव्या दिवशीही ताप १०१ होता. घरच्यांचा धीर सुटला, मुंबईला हलवायची भाषा सुरू झाली, आणि डॉक्टरांच्या खोलीतही औषध बदलायची चर्चा झाली. या आजारात योग्य औषध मिळूनही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, खोल गळवं असतील तर आणखी जास्त. नुसत्या तापाला अपयश समजू नये. रक्ताचं कल्चर पुन्हा केलं, ते कोरं आलं. पायाची ताकद घटत नव्हती. औषध तेच राहिलं. अकराव्या दिवशी ताप गेला.

नुसत्या रक्तातल्या किंवा फुफ्फुसाच्या आजाराला किमान दोन आठवडे शिरेतून औषध लागतं. मज्जासंस्थेला किमान आठ आठवडे. भातशेतकऱ्याच्या घराला हा हिशोब फार जड असतो. तीन आठवड्यांनंतर रुग्णाला घराजवळच्या तालुक्याच्या रुग्णालयात हलवलं आणि उरलेली इंजेक्शनं तिथल्या परिचारिकांनी दिली, दिवसातून तीनदा, वेळ न चुकवता. कुठल्याही अहवालात त्यांचं नाव येत नाही.

त्यानंतर सहा महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. वजन ५८ किलो, म्हणून साध्या गोळ्या तीन सकाळी आणि तीन संध्याकाळी; लघवीच्या नेहमीच्या संसर्गाला देतात त्याहून जास्त. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. क्रिएटिनीन, पोटॅशियम आणि रक्तपेशी सुरुवातीला आठवड्याला, मग पंधरवड्याला. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवायचं. गोळ्या स्वस्त आहेत, पण माणूस चालू लागला की त्या बंद पडतात आणि आजार उलटतो तो मुख्यतः तिथे. बायकोला पट्टीवर खुणा करायला शिकवलं. तिनं एकही खूण चुकवली नाही.

आठव्या आठवड्यात तो वॉकर धरून खोली ओलांडत होता. लघवीसाठी दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालायला शिकला. पहिल्या दिवशी त्यानं ठाम नकार दिला होता, तेव्हा हेच करणाऱ्या दुसऱ्या एका रुग्णाशी त्याची गाठ घालून दिली आणि तो तयार झाला. सहा महिन्यांनी हातात काठी, उजवा पाय अजून ताठ, नळी दिवसातून एकदा. एमआरआयमध्ये सूज ओसरलेली, पोकळीच्या जागी बारीक व्रण. ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ७.१.

शेवटच्या भेटीत बायकोनं विचारलं, मुलग्यानं शेतात उतरायचं की नाही? हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, त्यामुळे घरात वेगळं ताट-वाटी नको. शेती सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. मुलग्याची साखर तपासली, ती बरोबर निघाली. त्याला सांगितलं, लावणीला गमबूट घाल, भेगा किंवा जखम असेल तर ती भरेपर्यंत चिखलात उतरू नकोस, विजा-वाऱ्याच्या पावसात खाचरात थांबू नकोस, आणि लावणीनंतर ताप आला तर डॉक्टरांना आधी वडिलांची फाइल दाखव. फाइलच्या पहिल्या पानावर जंतूचं नाव, बाधलेली औषधं, चाललेली औषधं आणि 'कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नये, तब्येत गंभीर असेल तर कल्चर घेऊन लगेच सुरू करावं' एवढ्या ओळी मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिल्या आहेत.